वेस नसलेली वस्ती

माझ्या लहानपणी आमच्या फाट्यावर कुणी जन्मत नव्हतं आणि कुणी पुरलं-जाळलंही जात नव्हतं. बाई बाळंतपणाला माहेरी जायची. म्हातारं माणूस गेलं की बैलगाडीत घालून मूळ गावी न्यायचे. मधलं सगळं आयुष्य तेवढं फाट्यावर व्हायचं. कुणी विचारलं, "गाव कोणतं?" तर फाट्यावर वीस वर्षं राहिलेला माणूसही मागं सोडलेल्या गावाचंच नाव सांगायचा.

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातल्या देवगाव फाट्याची ही गोष्ट. जालन्याहून मंठ्यावरून जिंतूरकडे जाणारा रस्ता आणि खालून सेलूहून येणारा रस्ता इथं मिळतात. देवगाव आत, फाटा रस्त्यावर. शहरांच्या कडेला उपनगरं वाढली, तशी आमच्याकडे रस्त्यांच्या कडेला ही वस्ती वाढली. ती गावात मोडत नव्हती आणि शहरात तर नाहीच. मराठीत गावाच्या आठवणी पुष्कळ लिहिल्या गेल्या. वाड्यांच्या आणि चाळींच्याही लिहिल्या गेल्या. फाट्यावर वाढलेल्या माणसानं मात्र आपलं बालपण सांगण्यासारखं आहे असं सहसा मानलं नाही. ते सांगण्यासारखं आहे, असं मला वाटतं.

आबा 1972 च्या दुष्काळात गाव सोडून निघाले. त्या वर्षी मराठवाड्यातली माणसं सुकडी आणि मिलो ज्वारी खाऊन खडी फोडत होती. आमच्याकडच्या कितीतरी रस्त्यांखाली त्या वर्षाचा घाम आहे. मायनं हातोडीनं दगड फोडले, आबांनी घमेली वाहिली. काम संपल्यावर परत जावं असं गावात काही उरलं नव्हतं. म्हणून त्यांनी रस्त्याच्या कडेलाच चार बल्ल्या रोवल्या, वर पत्रे टाकले आणि हॉटेल काढलं. हॉटेल म्हणजे भुशाची शेगडी, दोन बाकडी, एक पितळी पातेलं आणि शेव-चिवड्याच्या काचेच्या बरण्या. आमचं बिऱ्हाड मागच्या अंगाला होतं.

आमचं घड्याळ म्हणजे येष्टी. सकाळच्या गाडीच्या टपावरून 'मराठवाडा' दैनिकाचा गठ्ठा खाली पडायचा. 1982 पासून 'लोकमत'ची औरंगाबाद आवृत्ती निघू लागली, मग दोन गठ्ठे येऊ लागले. गठ्ठ्याची दोरी सोडायचा मान मला होता. शाईचा तो वास घेतला की जग आपल्या दारात उतरलं असं वाटायचं. औरंगाबाद-नांदेड गाडी थांबली की आम्ही पोरं खिडक्यांना झोंबायचो. पावसाळ्यात काकड्या-वाळकं, थंडीत हरभऱ्याचे ढाळे आणि बोरं, उन्हाळ्यात नुसतं पाणी. पाण्याचे पैसे घ्यायचे नाहीत, ही मायची ताकीद होती. गाडी पाच-सात मिनिटं थांबायची. तेवढ्या वेळात मी लष्करातले जवान, औंढ्याला निघालेले भाविक, नवी नवरी, दवाखान्यात निघालेला माणूस आणि बदलीच्या गावी निघालेल्या मास्तरांची ट्रंक पाहिली. शाळेच्या पुस्तकात भूगोल होता, माझा भूगोल गाडीच्या पाट्यांवर होता.

आणि दिवाळीनंतरच्या रात्री. कापसाच्या गाड्या सेलूच्या बाजाराकडे निघायच्या. राज्य सरकारची एकाधिकार खरेदी 1972 पासून सुरू झाली होती आणि केंद्रावर गाड्यांच्या रांगा लागायच्या. नंबर लागावा म्हणून शेतकरी रात्रीच निघत. आखाखाली टांगलेला कंदील झुलायचा, बैलांच्या घागरमाळा लांबून ऐकू यायच्या, एकामागं एक पंधरा-वीस गाड्या. कापसाच्या डोंगरावर झोपलेला माणूस आणि वाट माहीत असलेले बैल. फाट्यावर ते बैल सोडायचे, जाळ करायचे, भाकरीबरोबर आमच्याकडचे भजे घ्यायचे. पट्टी हातात यायची होती, त्यामुळे बोलणी आशेची असायची. पोरीचं लग्न, विहिरीचं खोदकाम, सावकाराचं देणं. गावात माणूस आपलं देणं शेजाऱ्याला सांगत नाही. जाळाच्या उजेडात, पहाटे कायमच्या निघून जाणाऱ्या माणसाला तो सांगतो.

माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. जुन्या दिवसांविषयी बोलताना आपण सगळे म्हणतो, तेव्हा सगळे एकमेकांना ओळखायचे. माझा अनुभव वेगळा आहे. फाट्यावरच्या दिवसांत जे मोलाचं होतं ते अनोळखीपणातून आलं होतं.

गावाला वेस असते. कोण वेशीच्या आत, कोण बाहेर, हे जन्माआधी ठरलेलं असतं. त्रिंबक नारायण अत्र्यांनी 1915 साली 'गाव-गाडा'त या व्यवस्थेचा हिशेब मांडला: कोणाचं कोणतं बलुतं, कोणाचा कोणावर हक्क. फाट्यावर बलुतं नव्हतं, रोकड होती. घरं आल्या क्रमानं उभी राहिली. आमच्या शेजारी पंक्चरचं दुकान चालवणारं मुसलमान कुटुंब, पलीकडे गिरणी, तिच्याही पलीकडे बौद्ध वस्तीतून आलेला शिंपी. न्हाव्यानं लाकडी खुर्ची मांडून आरसा टांगला. गावात ज्यांच्या डोक्याला तो हात लावत नसे, त्यांनाही इथं खुर्चीत बसवू लागला. तो सुधारक नव्हता. येष्टीतून उतरलेल्या गिऱ्हाइकाची जात त्याला कळत नव्हती आणि विचारत बसला तर गाडी सुटत होती.

आमच्या हॉटेलाविषयीही खरं तेच लिहिलं पाहिजे. मागच्या कोनाड्यात एक वेगळी कपबशी होती. पिणाऱ्यानं ती स्वतः काढायची, स्वतः धुवायची, परत ठेवायची. चहा वरून ओतायचा. मी स्वतः तसा ओतला आहे. बाबा आढाव 'एक गाव एक पाणवठा' म्हणत महाराष्ट्रभर फिरत होते, त्याच वर्षांत आमच्या पत्र्याखाली हे चालू होतं. ओळखीचा माणूस आला की कोनाडा, अनोळखी आला की गल्ल्याजवळचा ग्लास. एका माणसाला दोन दिवशी दोन वागणुका मिळू लागल्या: गावाकडून पायी आला तर कपबशी, नोकरीच्या गावाहून पॅन्ट घालून गाडीतून उतरला तर ग्लास. एकदा अशा एकानं ग्लास हातात घेऊन आबांकडे नुसतं पाहिलं. आबांनी त्याला ओळखलं होतं. ते काही बोलले नाहीत. त्या आठवड्यात कोनाड्यातली कपबशी गेली. कुठं गेली ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

या गोष्टीनं मी फाट्याला पुण्यभूमी ठरवत नाही. 27 जुलै 1978 ला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. परभणी जिल्ह्यातही दलित वस्त्या होरपळल्या. गाड्या बंद झाल्या, रस्ता सुना पडला आणि ज्यांच्याबरोबर रोज चहा पीत होतो त्यांच्यासाठी आम्ही काही केलं नाही. दार लावून घेतलं. रस्ता वाहता असेपर्यंतच फाटा मोकळा होता, हे तेव्हा कळलं.

मुलींना तर तो कधीच मोकळा नव्हता. ज्या अनोळखी वर्दळीनं शिंप्याला आणि मला पंख दिले, तिच्याच नावाखाली माझ्या बहिणीला मागच्या खोलीत बसवलं. "रस्त्यावरचं घर आहे," एवढं कारण पुरे असायचं. सातवीनंतर तिची शाळा सुटली. मी सेलूच्या शाळेत पास काढून जाऊ लागलो. ती माझ्यापेक्षा हुशार होती. गाड्यांच्या वेळा, दर, हिशेब सगळं तिला पाठ असायचं. आठवणी सांगायला बसलो की ती ऐकते, हसते, पण "ते दिवस परत यावेत" असं ती एकदाही म्हणालेली नाही. माझ्या हळहळीचं मोजमाप मी तिच्या या गप्प राहण्यावरून करतो.

1 मे 1981 ला जालना जिल्हा झाला. परतूर तालुका परभणीतून निघाला, त्याच्यासोबत मंठाही गेला आणि आम्ही जिल्ह्याच्या कडेला आलो. पुढे काळी-पिवळी जीप आली, मग घरोघर मोटारसायकल. आता जालना ते नांदेड असा समृद्धी महामार्गाला जोडणारा द्रुतगती मार्ग परभणी जिल्ह्यातून आखला आहे. तसल्या रस्त्यावर ठरावीक जागीच चढता-उतरता येतं. थांबणं, वाट पाहणं, बाकड्यावर सरकून दुसऱ्याला जागा देणं त्यात बसत नाही. वेग वाढला याचं मला दुःख नाही. दवाखान्यात निघालेल्या त्या माणसाचा चेहरा मला आठवतो, त्याला तो रस्ता हवाच होता.

दुःख दुसरं आहे. मराठवाड्यातल्या फाट्याफाट्यांवर आता कमानी उभ्या राहिल्या आहेत, आपापल्या महापुरुषांचे झेंडे आणि फलक लागले आहेत. त्या महापुरुषांविषयी आदर आहेच. पण आत गावात राहिलेली वेस उचलून लोकांनी रस्त्यावर आणून बसवली, असं ते पाहताना वाटतं. 2024 च्या लोकसभा निवडणुकीनंतर शेजारच्या बीड जिल्ह्यातून बातम्या आल्या: अमुक समाजाच्या दुकानातून माल घेऊ नका, तमुकाच्या हॉटेलात चहा पिऊ नका. ते वाचताना मला कोनाडा दिसला. आबांनी रिकामा केलेला कोनाडा पुन्हा भरायला निघालेली ही माणसं माझ्याच मुलुखातली आहेत, माझ्या मुलांच्या वयाची आहेत.

फाट्यांवर आज हॉटेल, टपरी, गॅरेज चालवणाऱ्या तरुणांना माझी कळकळीची विनंती आहे. गिऱ्हाइकाला आडनाव विचारू नका. सगळ्यांना एकाच ग्लासात चहा द्या, आणि उन्हातून आलेल्या माणसाकडून पाण्याचे पैसे घेऊ नका.