गुच्छ कशाला नेलात?

बसा. मोबाईल खिशात ठेवा, तो नागपूरचा फोटो माझा पाहून झाला आहे. आमदार मधोमध, त्यांच्या हातात तुमचा गुच्छ, आणि निवेदनाचा कागद कुणाच्या तरी काखेत दुमडलेला. त्याची प्रत मी वाचली. ‘आमच्या वाडीची शाळा बंद करू नये व भरघोस निधी द्यावा, ही नम्र विनंती.’ भरघोस म्हणजे किती रे? मुलं किती, खोल्या किती, गळतात किती, शेजारची शाळा किती लांब, मधला ओढा पावसाळ्यात किती दिवस अडवतो, यातलं एक अक्षर नाही. चौथीतल्या पोरानं असा अर्ज लिहिला असता तर मी वही परत केली असती. तुम्ही तर माझ्याच हाताखालून गेलेले.

आणि मुहूर्त कुठला काढलात? डिसेंबर! अधिवेशन नागपूरला भरलं म्हणून जीप करून गेलात. अर्थसंकल्प मार्चमध्ये मांडतात हे पोराटोरांनाही ठाऊक आहे, पण खात्यांचे अंदाज त्याच्या किती आधी बांधायला घेतात हे तुमच्यापैकी एकानंही विचारलं नाही. समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या योजनेचा वार्षिक आराखडा यूडायसच्या, म्हणजे शाळाशाळांतून गोळा केलेल्या, आकड्यांवर उभा राहतो आणि त्या आकड्यांची तारीख 30 सप्टेंबर. त्या दिवशी तुमच्या पटाची काय अवस्था होती? दोन पोरांचं आधार जुळलं नाही म्हणून ती संचमान्यतेत, म्हणजे शिक्षकांची पदं ठरवतानाच्या मोजणीत, धरलीच गेली नाहीत. वर्गात बसतात, खिचडी खातात, पण सरकारच्या हिशेबात नाहीत. तेव्हा शाळा समितीचे अध्यक्ष कुठे होते? गणपतीची वर्गणी मोजत होते.

आता नीट ऐका, कारण खरा घोळ इथे आहे. समग्र शिक्षेतलं शाळा अनुदान पटावर ठरतं. तीसपर्यंत मुलं असली तर वर्षाला 10,000 रुपये. एकतीस ते शंभर असली तर 25,000. हजारावर गेली तर एक लाख. त्यातही किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्चायचा. म्हणजे तुमच्या चौदा मुलांच्या शाळेला खडू, वीजबिल, हातपंप, दरवाजाची कडी, सगळं मिळून महिन्याला हजार रुपयेसुद्धा येत नाहीत. मुलं चौदा झाली म्हणून कौलं कमी गळतात का? डोक्यामागे पैसे मोजले की लहान शाळा उपाशीच राहणार, आणि मग उपाशी आहे म्हणून ती बंद करा असं सांगायला तोच हिशेब पुढे येणार. तुमची मागणी एवढीच हवी होती, की वीसच्या आतल्या शाळेला पटाशी न बांधलेली किमान रक्कम द्या, आणि ती अमुक इतकी द्या. यातले साठ टक्के केंद्राचे आणि चाळीस राज्याचे असतात, म्हणून केंद्राचा दर बदलेपर्यंत राज्यानं आपल्या तिजोरीतून भर घालावी. हे दोन वाक्यांत मावतं. तुम्ही ‘भरघोस’ लिहून आलात.

तुम्ही एकटे नाही. 2023 मध्ये वीसच्या आत पट असलेल्या 14,783 शाळा राज्यात मोजल्या गेल्या, त्यांत 1,85,467 मुलं. त्याच वर्षी समूह शाळांचे, म्हणजे आसपासच्या लहान शाळा एका मोठ्या शाळेत आणायचे, प्रस्ताव मागवले गेले, पानशेत आणि तोरणमाळचे दाखले देऊन. त्यामागच्या युक्तिवादात काहीच तथ्य नाही असं समजू नका. पहिली ते चौथीची चौदा पोरं एका खोलीत बसली की सोबत्यांशी चढाओढ नाही, खेळाला गडी नाहीत, हे मी स्वतः पाहिलंय. त्याला उत्तर तयार ठेवा. सरकारला विचारा, बस देणार म्हणता, मग तिचं भाडं किती वर्षं आणि कुठल्या लेखाशीर्षातून? घाटात दरड आली तर मुलींना कोण आणणार? आपल्या नियमांत पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा हवी, त्याचं काय? असे प्रश्न लेखी गेले की त्यांना लेखी उत्तर द्यावं लागतं. घोषणेला उत्तर द्यावं लागत नाही.

आमदाराचं काम काय असतं, हे तुम्हाला नागरिकशास्त्रात शिकवलं होतं. तो तारांकित प्रश्न विचारू शकतो, मंत्र्याला सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं, वर उपप्रश्नही येतात. तो लक्षवेधी लावू शकतो. शालेय शिक्षणाच्या मागण्या चर्चेला आल्या की कपात सूचना देऊन तुमचा विषय काढू शकतो. विधिमंडळाची विनंती अर्ज समिती आहे, पंचायती राज समिती आहे. यातलं तुम्ही त्यांच्याकडे काय मागितलंत? काही नाही. ‘लक्ष घाला साहेब’ म्हणालात, त्यांनी मान डोलावली, फोटो निघाला.

आणि शिक्षक आमदार बघतील म्हणून हातावर हात ठेवू नका. विधान परिषदेत शिक्षक मतदारसंघाचे सात आमदार आहेत, पण त्यांना मत देतात माध्यमिक आणि त्यावरचे शिक्षक. तुमच्या जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींना त्या निवडणुकीत मतच नाही.

शाळा व्यवस्थापन समितीतल्यांनो, खाली काय बघता? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 22 प्रमाणे शाळा विकास आराखडा तुम्ही करायचा, आणि सरकारनं अनुदानाची आखणी त्याच्या आधारावर करायची. भीक नाही ती. आपला आराखडा मी मागवून पाहिला, दुसऱ्या शाळेच्या आराखड्याची नक्कल आहे. त्यात संगणक कक्ष मागितलाय. गावात दुपारी लाईट नसते! समितीत निम्म्या बाया असतात, त्यांच्या सह्या आहेत, त्यांना कुणी एक शब्द विचारलेला नाही. मुलींच्या मुतारीला दार नाही हे त्यांनी तुम्हाला पहिल्या बैठकीत सांगितलं असतं.

तोंडावर सांगते, राग आला तर येऊ दे. ‘शाळा वाचवा’चा फलक धरणाऱ्यांपैकी तिघांची पोरं रोज सकाळी पिवळ्या गाडीतून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात. पोर कुठे घालायचं ही तुमची मर्जी. पण मंत्र्यानं विचारलं, तुमचं मूल कुठे शिकतं, तर काय सांगाल? गुरुजी, तुम्हीही ऐका. पट टिकवायला गेलेल्या मुलांची नावं हजेरीत ठेवायचं मनात आणू नका. 2011 च्या ऑक्टोबरात बोटाला शाई लावून मुलं मोजायची पाळी आली होती, ती असल्याच हुशारीमुळे. खोट्या पटानं मागितलेला एक रुपया खऱ्या चौदा मुलांच्या तोंडचा घास काढतो.

आता कामाला लागा. शनिवारी समितीची बैठक, बाया हजर असल्याशिवाय सुरू करायची नाही. खोल्या टेपनं मोजा, दुरुस्तीचा अंदाज गवंड्याकडून लेखी घ्या, गेल्या तीन वर्षांची वीजबिलं जोडा, दोन पोरांचं आधार पहिलं दुरुस्त करा. आजूबाजूच्या वाड्यांच्या समित्यांनाही हेच करायला लावा, सगळ्यांची बेरीज एका पानावर आणा. प्रश्नाचा मसुदा आमदारांना आयता द्या आणि तो दाखल झाला का, हे दर आठवड्याला विचारा. मसुदा आधी मला दाखवायचा. लाल पेन माझ्याकडे आहे.