मर्यादा आणि लाज

मर्यादा आणि लाज हे दोन शब्द आपण बहुधा एकाच अर्थाने वापरतो. वस्तुतः त्यांत मोठे अंतर आहे. देह मोलाचा वाटतो म्हणून मर्यादा त्याला जपते. लाजेला मात्र तो उणा वाटतो, म्हणून ती त्याला लपवते. चाळिशी ओलांडलेल्या स्त्रीच्या बाबतीत हा भेद जीवनमरणाचा ठरू शकतो.

वरळीच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात उभ्या राहिल्या. एकशेसाठ चौरस फुटांची खोली, तीत अवघे कुटुंब आणि शौचालये सर्वांची मिळून. पडद्याआड अंग धुवायचे, साडीच्या आडोशानेच साडी बदलायची, हे इथल्या स्त्रियांच्या अंगवळणी पडले. ही मर्यादाच होती. तिच्यावाचून एवढ्या दाटीत परस्परांचा मान राखणे अशक्य होते. परंतु आयुष्यभर देह झाकता झाकता तो कुणाला दाखविण्याजोगाच नाही, अशी भावना मनात नकळत रुजते. पुढे पोट सुटते, केस पिकतात, पाळी जाऊ लागते, रात्री-अपरात्री घामाने जीव घाबरा होतो आणि ती भावना अधिकच बळावते.

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतील ५५६ रहिवाशांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. पाचशे चौरस फुटांचे घर आणि स्वतःचे न्हाणीघर! शेजाऱ्यांच्या नजरा आता दाराबाहेर राहतील. मनात वस्तीला आलेली नजर मात्र बिऱ्हाडाबरोबर आत येते. छातीत गाठ लागली तरी 'या वयात कुणाला काय सांगायचे?' म्हणून गप्प बसविते ती हीच.

या मौनाची किंमत किती, हे वरळीहून जवळच असलेल्या परळच्या टाटा रुग्णालयाने दाखवून दिले आहे. १९९८ पासून मुंबईच्या झोपडवस्त्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास झाला. त्यांतील निम्म्या स्त्रियांची स्तनतपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, केवळ हाताने केली. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: तपासणी झालेल्या गटात, पन्नाशी व त्यापुढील स्त्रियांमध्ये, या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले होते. त्या आरोग्यसेविकांसमोर पदर बाजूला करणाऱ्या स्त्रियांनी मर्यादा सोडली, असे कोण म्हणेल?

मार्कच्या शुभवर्तमानातील बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली स्त्री आठवावी. ती लपत आली आणि वस्त्राला स्पर्श करून लपतच परतू पाहत होती. प्रभूने तिला गर्दीतून पुढे बोलावले. तिला लाजविण्यासाठी नव्हे. सर्वांसमक्ष तिला 'मुली' म्हणून हाक मारण्यासाठी. तिचा आजार बरा झालाच होता, आता तिची लाजही गेली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ ते १९८४ या काळात बुधवारच्या प्रवचनमालेतून मानवी देहाचे थोरपण विशद केले. ते थोरपण तारुण्याबरोबर ओसरत नाही. शब्द देही झाला असे मानणाऱ्या आपल्या श्रद्धेत देहाला खालची पायरी असूच शकत नाही.

म्हणून धर्मग्रामातील मायभगिनींनी या विषयावर एकमेकींशी मोकळेपणाने बोलावे. लेकीने आईला, सुनेने सासूला तपासणीला सोबत करावी. ज्या हातांनी पाणी भरले, लेकरे वाढवली आणि आजाऱ्यांची सेवा केली, त्या देहाचीही कुणीतरी विचारपूस करायला हवी. आणि ती करू देणे हीदेखील देवाच्या देणगीबद्दलची कृतज्ञताच होय.