छप्पर उडते ते हलके म्हणून नव्हे

प्रत्येक वादळानंतर कोकणात एकच सल्ला ऐकू येतो: पत्रे उडाले, आता स्लॅब घाला. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले, पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासत गुजरातकडे गेले. दोन्ही वेळा पुढाऱ्यांपासून वास्तुविशारदांपर्यंत बहुतेकांनी हेच सांगितले. दोन खोल्यांच्या घरासाठी या सल्ल्यात तथ्य आहे, हे मी आधीच मान्य करतो. पण किनाऱ्यावरची रोजीरोटी दोन खोल्यांत चालत नाही. बर्फाचा कारखाना, कोळंबी सोलायची शेड, काजूची फॅक्टरी, लाकडाची वखार, मंगल कार्यालय, मासळी बाजार यांना मधे खांब नसलेली चाळीस-पन्नास फुटांची मोकळी जागा लागते. तिथे लोखंडी कैची आणि वर पत्रा हाच परवडणारा मार्ग आहे. उद्याही तोच असणार. म्हणजे ज्या छपरांविषयी बोलायला हवे तीच या चर्चेतून वगळली जातात.

इतर मतांसाठी फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. पुन्हा कौलांकडे वळा म्हणणाऱ्यांनी श्रीवर्धन-मुरुडच्या वाड्यांमध्ये पडलेला कौलांचा खच आठवावा. निसर्गापुढे कुणाचे काय चालते, असे म्हणणाऱ्यांना शेजारी-शेजारी असलेल्या दोन शेडपैकी एकच का उघडी पडते याचे उत्तर देता येत नाही. आणि सगळा दोष हवामानबदलावर टाकणाऱ्यांना एवढेच विचारतो की 2009च्या फयानमध्ये उडालेले पत्रे आपण पुन्हा तसेच का ठोकले?

स्लॅबचे मत मात्र गंभीरपणे घ्यावे लागते, कारण त्यामागे एक समज आहे आणि ती जवळजवळ सर्वांच्या मनात आहे. छपराचे काम म्हणजे वरून येणारे ओझे पेलणे. जे जड ते भक्कम. पत्रा हलका म्हणून तो उडतो. पावसाच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याला असे वाटणे स्वाभाविक आहे. वादळात मात्र छपरावर ओझे येत नाही, उचल येते. वारा पाखावरून वेगाने सरकतो आणि वरून ओढ निर्माण करतो. त्याच वेळी रोलिंग शटर वाकले किंवा खिडकी फुटली, तर आत शिरलेली हवा खालून ढकलते. ताशी 120 किलोमीटरच्या झोताचा दाब चौरस मीटरला साधारण 68 किलो भरतो, आणि पाखाच्या कडेला व कोपऱ्यात ओढ त्याच्या दुपटीवरही जाते. अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे स्वतःचे वजन चौरस मीटरला जेमतेम पाच किलो. मंगलोरी कौलांचे चाळीस-पंचेचाळीस. पाच इंची स्लॅबचे तीनशेच्या आसपास.

हे आकडे स्लॅबवाल्यांच्याच बाजूने बोलतात, हे मला दिसते. स्लॅब उडत नाही. पण तो का उडत नाही याचे उत्तर इतके सोपे आहे, की पुढचा विचारच थांबतो. वजन वाढवून उचलीवर मात करता येते, पण बांधूनही करता येते, आणि बांधलेल्या छपराला वजनाची गरज नसते. जगातल्या वादळी किनाऱ्यांवरचे कारखाने, गुदामे आणि इस्पितळे मोठ्या संख्येने हलक्या छपरांखालीच उभी आहेत.

शिवाय आपल्याकडच्या स्लॅबचे पुढे काय होते ते पाहा. खाऱ्या हवेत सळईवरचे काँक्रीटचे आवरण कमी पडते, सळई गंजून फुगते, पोपडे सुटतात आणि स्लॅब गळू लागतो. मग मालक काय करतो? गच्चीवर पत्र्याची शेड घालतो. कोकणातल्या कोणत्याही बाजारपेठेतून मान वर करून चाला, दुकानांच्या इमारतींवर निळ्या-लाल पत्र्यांच्या शेडची रांग दिसेल. या शेडला नकाशा नसतो, हिशेब नसतो. चार इंची पाइप, खाली छोटी प्लेट, कठड्यात किंवा स्लॅबच्या वरच्या थरात ठोकलेले चार बोल्ट. उंचीमुळे वारा जास्त लागतो आणि चारही बाजू उघड्या असल्याने खालून ढकलायला हवेला पूर्ण वाव मिळतो. वजनावर भरवसा ठेवून बांधलेल्या इमारतीच्या डोक्यावर सगळ्यात कमी बांधलेले छप्पर बसते, आणि ते उडून शेजारच्याच्या अंगणात पडते. स्लॅबचा आग्रह धरणाऱ्यांनी या शेडचा हिशेब आधी द्यावा.

निसर्गनंतर एका खाडीकाठची बर्फाची शेड मी जवळून पाहिली. मधला भाग शाबूत होता, समुद्राकडचा कोपरा उघडा पडला होता. पर्लिनला, म्हणजे कैच्यांवरच्या आडव्या दांड्यांना, अडकवलेले जे-हुक जागच्या जागी होते, त्यांतले काही सरळ झालेले. पत्रा मात्र गेलेला. थोड्या अंतरावर पडलेल्या पत्र्यावर पन्हळीच्या माथ्यावरची भोके लांबट फाटलेली होती आणि त्यांच्या कडेने बारीक चिरा गेल्या होत्या. वॉशर कुठेच नव्हते. डांबरी वॉशर उन्हाने केव्हाच गळून गेले असावेत. दोन पन्हळी सोडून एक हुक असे अंतर मधेही होते आणि कोपऱ्यातही तेच. दुरुस्तीला आलेला फॅब्रिकेटर मालकाला सांगत होता, “शेठ, या वेळी जाड पत्रा टाकू, काळजी नको.” भोके तेवढीच, अंतर तेवढेच. बदलणार होती ती फक्त पत्र्याची जाडी.

लांबट भोके आणि चिरा जगाला नव्या नाहीत. 1974च्या नाताळच्या पहाटे ऑस्ट्रेलियातील डार्विन शहर ट्रेसी चक्रीवादळाने उद्ध्वस्त केले. विमानतळावरील वायुमापक बंद पडण्यापूर्वी त्याने ताशी 217 किलोमीटरची नोंद केली होती. अभियंत्यांनी पडलेले पत्रे तपासले तेव्हा दिसले की पत्रा एका धक्क्यात सुटला नव्हता. वाऱ्याच्या झोतांनी तो तासन्‌तास वरखाली होत राहिला, जोडणीभोवती चिरा पडल्या आणि मग तो निघाला. तोवर पत्र्यांची चाचणी एकदाच ताण देऊन होत असे; पुढे ती हजारो वेळा ताण देऊन-सोडून होऊ लागली. 1977 साली टाउन्सव्हिलच्या जेम्स कुक विद्यापीठात चक्रीवादळ चाचणी केंद्र उभे राहिले. फ्लोरिडात ऑगस्ट 1992च्या अँड्र्यू वादळानंतरही हेच घडले. छपराच्या फळ्या अनेक ठिकाणी खिळ्यांऐवजी स्टेपलने ठोकलेल्या, काही स्टेपल तर खालच्या लाकडात न घुसता हवेतच. मायामी-डेड परगण्यात आता छपराला मंजुरी मिळते ती त्याच्या जोडणीसकट: मधल्या भागात किती अंतराने, कडेला किती, कोपऱ्यात किती. फ्लोरिडाने काही सगळ्यांना स्लॅब घालायला लावला नाही.

माझ्या मते सगळा प्रश्न एका भेदावर येऊन ठेपतो. काही छपरे टेकलेली असतात, काही बांधलेली असतात. टेकलेले छप्पर आपल्या वजनाने जागेवर राहते. बांधलेल्या छपरात उचल पत्र्यातून स्क्रूत, स्क्रूतून पर्लिनमध्ये, तिथून कैचीत, खांबात आणि शेवटी पायात उतरते. या साखळीतला एक दुवा कच्चा असला तर बाकीचे कितीही जाड करून उपयोग नाही. आपल्या बहुतेक शेड पत्र्याच्या आहेत, पण त्या टेकलेल्या छपरासारख्या घातल्या आहेत. दोष पत्र्याचा नाही, या घालमेलीचा आहे.

यावर स्लॅबवाल्यांचे सर्वात वजनदार उत्तर असे: आपल्याकडे कारागिरीवर विसंबता येत नाही, वजनावर येते. स्क्रू कमी मारले जातील, वेल्डिंग कच्चे राहील. स्लॅब निदान जागचा हलणार नाही. हा युक्तिवाद मला अनेक समंजस माणसांनी ऐकवला आहे आणि प्रत्येक वेळी तो मला अधिकच चुकीचा वाटला आहे. स्लॅबही कारागिरीच आहे. सळईखाली कव्हर ठेवले का, मालात पाणी किती ओतले, नंतर आठवडाभर पाणी मारले का, यावर त्याचे आयुष्य ठरते. या चुका काँक्रीटच्या पोटात दडतात आणि दहा-पंधरा वर्षांनी बाहेर येतात. स्क्रूची चूक शिडी लावून, हाताने चाचपून त्याच दिवशी कळते. जिथे कारागिरीवर भरवसा नाही तिथे तपासता येईल असे काम करावे. जे तपासता येत नाही त्याचा आश्रय कशाला?

आणि तपासण्याची सवय कोकणाला शिकवायला नको. कौलारू घरांत दर उन्हाळ्यात शाकारणी होई. कौले उतरवायची, किडलेली रीप बदलायची, वासे ठोकून पाहायचे, आढ्याची कोने बसवायची. पत्रा आला तो “आता वर चढायची कटकट नाही” असे सांगत, आणि शाकारणी गेली. कौले परत आणावीत असे मला मुळीच वाटत नाही, पण मे महिन्यातले ते वर चढणे परत यायला हवे. गंजलेला स्क्रू, सुकलेला वॉशर, पन्हळीवरची चीर हे सगळे त्या एका दिवसात दिसते.

सरकारी बाजूही याच भेदाशी अडली आहे. वाऱ्याच्या भाराचे भारतीय मानक, आयएस 875चा तिसरा भाग, 2015 साली सुधारले गेले. त्यात किनाऱ्यापासून 60 किलोमीटरच्या पट्ट्यासाठी वाऱ्याच्या वेगाला वाढीव गुणक आला: शाळा, रुग्णालये, निवारे यांना 1.30, औद्योगिक इमारतींना 1.15. पण हा पट्टा पूर्व किनाऱ्याचा आणि गुजरातचा. कोकण त्यात नाही. दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, त्यामुळे 1.15चा गुणक म्हणजे प्रत्यक्षात एक-तृतीयांश जास्त उचल. फयान, निसर्ग आणि तौक्ते पाहिलेल्या किनाऱ्याला यातून वगळण्याचे समर्थन मला पटत नाही.

तरी मानक बदलेपर्यंत थांबण्याचे कारण नाही, कारण खरी गळती निविदेत आहे. सरकारी दरसूचीत पत्र्याच्या छपराचा दर चौरस मीटरवर असतो आणि हुक, बोल्ट, वॉशर त्या दरातच धरलेले असतात. पत्रा मोजला जातो, जोडणी मोजली जात नाही. ठेकेदाराने कोपऱ्यातले निम्मे स्क्रू वाचवले तरी बिल तेवढेच. नुकसानीच्या पंचनाम्यातही किती पत्रे गेले ते येते, ते स्क्रूपाशी फाटून गेले की पर्लिनसकट उखडले हे येत नाही. स्क्रू वेगळे मोजावेत. मधल्या भागाचे, कडेचे आणि कोपऱ्याचे वेगवेगळे. कनिष्ठ अभियंत्याने शिडी चढून तो आकडा मोजमाप पुस्तिकेत लिहिल्याशिवाय बिल निघू नये. निविदेत एवढी ओळ घालायला ना नवे संशोधन लागते ना नवा कायदा, आणि येत्या पावसाळ्याआधी निघणाऱ्या शाळा, बाजारओटे व एसटी स्थानकांच्या निविदांमध्ये ती घालता येईल.