घरातला समुद्र : मालकी की राखण?

समुद्राचा एक तुकडा घरात आणून जिवंत ठेवता येतो का, हा प्रश्न विज्ञानाने बराचसा सोडवला आहे. तो आणावा का, हा प्रश्न मात्र अजून तसाच आहे. आम्ही किनाऱ्यावरची माणसं. समुद्राकडून घेणं आम्हाला नवं नाही. मासळी घेतो, मीठ घेतो, ओहोटीला खडकांवरची कालवं फोडून आणतो. पण खाण्यासाठी घेणं वेगळं आणि बघण्यासाठी घेणं वेगळं. ताटातल्या माशावर आपलं प्रेम आहे, असं आमच्यात कुणी म्हणत नाही. जिवंत प्रवाळांची मोठी टाकी घरात पाळणारा माणूस मात्र तसं म्हणतो, आणि तो खोटं बोलत नसतो. प्रश्न अवघड होतो तो इथेच.

या छंदाची सुरुवात पाहिली तरी हा पेच दिसतो. १८४६ मध्ये ॲना थाईन नावाच्या इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळं लंडनला घरी नेली. त्या काळी पंप नव्हते, वीज नव्हती. पाण्यात हवा मिसळावी म्हणून घरातली मोलकरीण रोज उघड्या खिडकीपाशी उभी राहून अर्धा-पाऊण तास ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत असे. प्रवाळं जगली. ही हकीकत सांगताना बाईंचं नाव घेतलं जातं, मोलकरीण मात्र मोलकरीणच राहते. घरातल्या पहिल्यावहिल्या समुद्रांपैकी एक असा कुणाच्या तरी दुखऱ्या हातांवर जगला.

पुढे १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचं 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक आलं. गॉस समुद्रजीवांचे खरे अभ्यासक होते आणि त्यांची चित्रं मन लावून काढत. त्यांची पुस्तकं वाचून हौशी लोक टोपल्या आणि छिन्न्या घेऊन डेव्हनच्या किनाऱ्यावर लोटले. पन्नासएक वर्षांनी, १९०७ मध्ये, त्यांचा मुलगा एडमंड गॉस याने 'फादर अँड सन' या आठवणींत त्या ओरबाडलेल्या खडकांबद्दल खंत लिहिली. या माणसाने समुद्रावर प्रेम करायला शिकवलं, आणि शिकलेल्या लोकांनी किनारा रिकामा केला. यात लबाड कुणाला म्हणायचं?

आज हे सारं अधिक दूर आणि अधिक झाकलेलं आहे. घरच्या टाकीतले बहुतेक समुद्री मासे अजूनही समुद्रातूनच पकडलेले असतात. फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकापासून प्रवाळांच्या कपारींत सायनाइडचं पाणी फवारून मासे गुंगवण्याची पद्धत पडली. मासा हाती येतो, कपार मरते. ती बुडी मारणारा माणूस हौशी नसतो, पोटासाठी खाली उतरतो. त्याला दोष देऊन दिवाणखान्यात बसलेल्या आपल्याला मोकळं होता येत नाही. इंडोनेशियाच्या बांगाई बेटांभोवतीचा चिमुकला कार्डिनल मासा जगात मुळात तेवढ्याच भागातला. दिसायला देखणा, म्हणून इतका उपसला गेला की २००७ मध्ये त्याची नोंद धोक्यातल्या जातींत झाली. गंमत अशी की हाच मासा टाकीत सहज पिलं देतो. म्हणजे समुद्राला हात न लावताही तो मिळू शकला असता.

छंद जपणाऱ्यांची बाजूही ऐकायला हवी, कारण ती पोकळ नाही. आमचे एक नातलग अनेक वर्षं आखातात नोकरीला आहेत. कोकणातल्या किती घरांची माणसं तिकडे आहेत, हे वाचकांना सांगायला नको. त्यांच्या बैठकीत हजार लिटरची टाकी आहे, म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन एक टन. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार, उष्णता २५-२६ अंश. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. म्हणून रोज भर घालायची ती क्षार काढलेल्या गोड्या पाण्याची. प्रवाळ सांगाडा बांधायला पाण्यातला चुना ओढून घेतं, तो मोजून परत द्यावा लागतो. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो. तो पचवणारे जिवाणू दगडांवर वसायला महिना-दीड महिना लागतो, आणि तोवर भरलेल्या टाकीसमोर नुसतं बसून राहायचं. वीज गेली तर काही तासांत प्राणवायू संपू लागतो. लग्नाकार्याला गावी यायचं तर आधी टाकीची सोय, मग तिकीट. त्यांच्याकडची क्लाऊनफिशची जोडी टाकीतच जन्मलेली आहे. प्रवाळांच्या फांद्याही दुसऱ्याच्या टाकीतून तोडून दिलेल्या, दगडाला चिकटवून वाढवलेल्या. समुद्रातून थेट काही आणायचं नाही, हा त्यांनी स्वतःला घातलेला नियम.

तरी आम्हाला वाटतं, काळजी घेतल्याने घेणं माफ होत नाही. एखाद्याला घरातून उचलून आणायचं आणि मग त्याला उत्तम खाऊपिऊ घालायचं, याला माणसांच्या बाबतीत आपण उपकार म्हणत नाही. नातलगांचा नियम मोलाचा वाटतो तो यासाठीच. त्यांनी काळजीच्या आधी घेण्याचा विचार केला.

आपल्याकडे कायद्यानेही घेण्यावरच बोट ठेवलं आहे. दगडी प्रवाळांना २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातलं गेलं. वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. मालवणच्या खडकावरचं तळहाताएवढं प्रवाळही कुणाला उचलून नेता येत नाही. २०२० मध्ये मुंबईच्या सागरी किनारा रस्त्यासाठी वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरची काही प्रवाळं रीतसर परवानगी घेऊन दुसरीकडे हलवण्यात आली. हौशी माणसाला जे कधीच करता येणार नाही, ते रस्त्याला करता आलं. परवानगीचा कागद होता, हे खरं. प्रवाळाला कागदाने काय फरक पडतो, हेही विचारायला हवं.

आणि समुद्रातच ठेवलं म्हणजे वाचलं, असंही आता म्हणवत नाही. आखाताचं पाणी उन्हाळ्यात ३४-३५ अंशांवर जातं. तिथली प्रवाळं हा उकाडा सोसायला सरावलेली, पण २०१७ च्या उन्हाळ्यात अबू धाबीच्या किनाऱ्यालगतची असंख्य प्रवाळं पांढरी पडून मेली. पाणी तापलं की आत राहून त्यांना अन्न पुरवणारी सूक्ष्म शेवाळं निघून जातात आणि प्रवाळ उपाशी पडतं. त्याच किनाऱ्यावर घरातली टाकी गार ठेवणारं यंत्र दिवसरात्र चालतं आणि आतली उष्णता बाहेर टाकतं. नातलगांना आम्ही हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, "मला माहीत आहे," आणि पाण्याचा नमुना काढायला उठले.

टाकीतली क्लाऊनफिश वीस वर्षंही जगू शकते. प्रवाळाला तर ठरलेलं वय नाही. फांदी तोडून लावली की ते पुढे चालू. आखातातला व्हिसा काही वर्षांचाच असतो. नोकरी संपली की घर आवरायला थोडाच वेळ मिळतो, आणि एक टन पाणी विमानात चढत नाही. म्हणून टाकीखालच्या कपाटाच्या दाराला आतून त्यांनी एक कागद चिकटवला आहे. कुठलं प्रवाळ कुणाकडे जायचं, मासे कुणी न्यायचे, वीज गेली तर आधी कुठला पंप जोडायचा, सगळं त्यावर लिहिलेलं आहे. यादीत सात-आठ नावं आहेत. मुलाचं नाव नाही. त्याला विचारलं होतं. रोज रात्री बापाला पाणी मोजताना पाहत वाढलेल्या त्या मुलाने सरळ नको म्हणून सांगितलं.