अंगावरची जोखीम

गेल्या वर्षी एका आरोग्यविषयक माहितीपत्रकाचा मराठी अनुवाद करायला माझ्याकडे आला. विषय होता ‘प्रेप’, म्हणजे एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायची गोळी. टेनोफोव्हिर आणि एमट्रिसिटाबिन ही दोन औषधे तिच्यात एकत्र असतात. अमेरिकेत २०१२ साली तिला मान्यता मिळाली. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने, लागणीचा धोका जास्त असलेल्या सर्वांना ती मिळावी, अशी शिफारस केली. सांगितल्याप्रमाणे घेतली तर शरीरसंबंधातून होणाऱ्या लागणीपासून ती जवळजवळ पूर्ण संरक्षण देते. हे सगळे मराठीत आणणे अवघड नव्हते. मी अडले ती शेवटच्या पानावर. तिथे प्रश्न होता : ‘आपण पुढीलपैकी कोणत्या गटात मोडता?’ खाली चौकटी होत्या.

त्याच सुमारास दिल्लीत राहणारा एक तरुण परिचित ही गोळी मिळवण्यासाठी फिरत होता. सरकारी रुग्णालयात त्याला सांगितले गेले, तपासणी इथे होईल, गोळीसाठी अमुक प्रकल्पात नाव नोंदवा. म्हणजे आधी चौकट निवडा. ते नको म्हणून तो खाजगी दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी लग्न झाले आहे का ते विचारले आणि म्हणाले, “असलं काही करूच नका, म्हणजे गोळी लागणार नाही.” तिसऱ्या डॉक्टरांनी काही न बोलता चिठ्ठी लिहून दिली, बाटलीचे आणि तपासण्यांचे पैसे तो आता दर तीन महिन्यांनी भरतो. मला म्हणाला, “ताई, पैसे असले की गप्प राहता येतं. नसले की सगळं सांगावं लागतं.”

ही गोळी आपल्याच देशातले कारखाने बनवतात आणि जगभर पाठवतात. एचआयव्ही झालेल्यांना सरकारी केंद्रांत १ एप्रिल २००४ पासून उपचार मोफत मिळू लागले. प्रतिबंधाच्या या गोळीबद्दल राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेने २०२२ साली मार्गदर्शक सूचना काढल्या, तरी उपचारासारखी ती सरसकट, कोणालाही मोफत मिळत नाही. मग प्रश्न उरतो तो असा : निरोगी राहू इच्छिणाऱ्या माणसाने त्यासाठी कबुली का द्यावी?

याला एक जुने उत्तर आहे, आणि मराठी वाचकाला ते ओळखीचे वाटावे. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, तेव्हाही हेच म्हटले गेले होते : साधन हाती दिले की माणसे बिघडतील. पुढे ‘समाजस्वास्थ्य’ चालवताना त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. या आक्षेपामागे एक गृहीत असते. भीती हीच नीती, आणि रोग हा त्या भीतीचा पहारेकरी. पण भीतीपोटी पाळलेली नीती भीती गेल्यावर उरत नसेल, तर ती नीती होती का? शिवाय रोग वागणूक तपासून लागत नाही. ज्या बाईचा नवरा वर्षातले दहा महिने परगावी असतो, ती कोणत्याच चौकटीत बसत नाही. तिला गोळी हवी असेल तर नवऱ्याविरुद्ध साक्ष द्यावी लागेल. ती तरी कोणासमोर?

चौकटींची बाजूही मांडली पाहिजे. पैसा मोजका असताना जिथे धोका अधिक, तिथे आधी पोचणे यात अन्याय नाही. शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रिया, तृतीयपंथी, समलिंगी पुरुष यांनी आपली गणना व्हावी म्हणून वर्षानुवर्षे झगडा केला आहे. कोलकात्यात सोनागाछीच्या ‘दुर्बार’ने आणि म्हैसूरच्या ‘अशोदया’ने आपल्या स्त्रियांसाठी या गोळीचे प्रायोगिक प्रकल्प चालवले. तिथे विचारणारी आपल्यातलीच होती, म्हणून उत्तर देणे ही कबुली ठरली नाही. डॉक्टरांनाही काही विचारावेच लागते. एचआयव्हीची तपासणी आधी झाली का, मूत्रपिंडे ठीक आहेत का, कावीळ ‘बी’ आहे का. हे प्रश्न औषधासाठी असतात. लग्न झाले का, हा प्रश्न औषधासाठी नसतो. २०१७ च्या कायद्याने एचआयव्ही आहे की नाही हे उघड करण्याची सक्ती करता येत नाही, विश्वासाने सांगितलेले खाजगी काही संमतीशिवाय पुढे सांगता येत नाही. पण टेबलापलीकडून माणसाकडे कसे पाहावे, हे कायदा शिकवू शकत नाही.

आता वर्षातून दोनदा घ्यायचे लेनाकापाविरचे इंजेक्शन आले आहे. २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत ते घेतलेल्या तरुण स्त्रियांपैकी एकीलाही लागण झाली नाही. घरात बाटली लपवण्याचा प्रश्न त्याने सुटेल. खिडकीवरचा प्रश्न सुटणार नाही.

त्या पत्रकात ‘जोखीम’ हा शब्द बारा-पंधरा वेळा आला होता. ‘जोखमीचे गट’, ‘जोखमीचे वर्तन’. लिहिता लिहिता आजीचे बोलणे आठवले. प्रवासाला निघताना ती म्हणायची, “अंगावर जोखीम आहे, सांभाळून जा.” तिची जोखीम म्हणजे पाटल्या, बोरमाळ, कनवटीचे पैसे. धोका आणि ज्याला धोका आहे ती मौल्यवान वस्तू, दोन्हींना आपल्या भाषेत एकच शब्द आहे. पत्रकाने त्यातला एकच अर्थ घेतला आणि तो माणसालाच चिकटवला.

मी संस्थेला लिहिले की शेवटचा प्रश्न बदलता येईल का. ‘आपल्याला ही गोळी हवी आहे का?’ एवढेच विचारावे, बाकी बोलणे समुपदेशकाच्या खोलीत, दार लावून व्हावे. उत्तर आले की नमुना वरून ठरलेला आहे. मग मी तो प्रश्न होता तसा मराठीत आणला आणि पत्रक पाठवून दिले. ते काम केल्याचे समाधान मला अजून वाटलेले नाही.