शनीचें भय व ग्रहांचें खरें स्वरूप



बाप्तिस्मा घेतलेल्या घरांतही विवाहाची गोष्ट निघाली म्हणजे कधीं कधीं कोणी वडील माणूस हळूच विचारतें, "मुलीला गुरुबळ आहे ना?" बैल मेला कीं साडेसाती आठवते. तर ज्यांस आपण भितों ते गुरु व शनि आहेत तरी काय, हें आधीं पाहूं.

गुरूचा व्यास पृथ्वीच्या सुमारें अकरापट व वजन ३१८ पट आहे. तरी त्यावर पाऊल टेकण्यास जमीन नाहीं. तो बहुतेक हायड्रोजन व हेलियम ह्या वायूंचा गोळा आहे. खोल जावें तसतसा दाब वाढतो व वायु हळूहळू द्रवासारखा होतो. येथें आकाश संपलें व येथें भूमि लागली, असें म्हणतां येत नाहीं. गॅलिलिओ यानानें सोडलेलें एक यंत्र १९९५ सालीं ७ डिसेंबरास त्यांत उतरलें. सुमारें ५८ मिनिटें त्यानें बातमी पाठविली. मग तें कायमचें मुकें झालें. शनीही तसाच वायुमय, आणि आकाराच्या मानानें पाण्याहूनही हलका.

साडेसातीचा हिशेबही पाहा. शनीस सूर्याभोंवतीं एक फेरी करण्यास सुमारें साडेएकोणतीस वर्षें लागतात. राशी बारा, म्हणून एका राशीस सुमारें अडीच वर्षें. जन्मराशि, तिच्या मागची व पुढची, अशा तिहींस मिळून साडेसात. हें त्याच्या लांब वाटेचें गणित आहे; त्यांत कोणावर राग नाहीं.

आपल्याच नारायणगांवाजवळ खोडद येथें प्राध्यापक गोविंद स्वरूप ह्यांच्या पुढाकारानें उभारलेली रेडिओ दुर्बीण आहे. तिला ३० तबकड्या असून प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. गुरूच्या प्रबळ चुंबकशक्तींत सांपडलेले विद्युत्कण वेगानें घिरट्या घालतात. त्यांपासून निघणाऱ्या रेडिओलहरी ह्या तबकड्यांनीं टिपल्या आहेत. त्या लहरींत कोणाच्या लग्नाची किंवा मरणाची वार्ता नसते.

चौथ्या दिवशीं देवानें आकाशांतील ज्योति केल्या, असें उत्पत्तीचें पुस्तक सांगतें. त्या केलेल्या आहेत, कर्त्या नव्हेत. दिवा घरांत उजेड देतो. तो घरच्यांचा न्याय करीत नाहीं. मग जेथें पाऊल ठरत नाहीं, त्याच्या आधारावर आपण लेकरांचा संसार कां उभारावा?

उपदेशकबंधूंनो, भ्यालेल्या माणसास हंसूं नका. दुःख खरें असतें. त्याचें कारण मात्र चुकीचें सांगितलेलें असतें. त्याच्याजवळ बसा, बैल गेला असेल तर नांगरटीस हात लावा, आणि रात्रीं अंगणांत नेऊन शनि दाखवा व हा हिशेब समजावून सांगा. ज्या घरीं ग्रहांच्या भयानें विवाह थांबला असेल, तेथें वराचें शील व वधूची इच्छा विचारा. ज्यानें गुरु व शनि ह्यांस त्यांची वाट नेमून दिली, तोच आपल्या लेकरांचीही वाट जाणतो. भ्यावयाचें तर त्यालाच भ्यावें, आणि विश्वास ठेवावयाचा तोही त्याच्यावरच ठेवावा.