मीठ कमी खा, म्हणे!

गेल्या दिवाळीत माझ्या एका डॉक्टर मित्राने लिहिलं, की खेड्यातला माणूस लकव्याने मरतो तो स्वतःच्या बेफिकिरीने. बीपी, मीठ आणि खर्रा यांवर चार वर्ग घेतले की निम्मं काम झालं. तेव्हापासून हे वाक्य मला टोचतंय.

गडचिरोलीतल्या ८६ गावांमध्ये ‘सर्च’ या संस्थेने २०११ ते २०१३ या काळात मृत्यूंची कारणं तपासली. १,५९९ पैकी २२९ मृत्यू पक्षाघाताचे निघाले. सातांत एक! मलेरियाचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात हे पहिल्या क्रमांकाचं कारण, आणि यातले बहुतेक जण घरीच गेले.

आता वर्गातून घरी गेलेली बाई काय करणार? सहा जणांचं वरण एकाच गंजात शिजतं. सासऱ्यासाठी ते अळणी केलं तर नवरा ताट सरकवतो आणि म्हातारा लोणच्याचा खार ओतून घेतो. गोळ्या संपतात त्या नेमक्या रोवणीत. केंद्रावर जावं तर मजुरी बुडते, वर ‘पुढच्या आठवड्यात या’ ऐकायचं. बीपी दुखत नाही. न दुखणाऱ्या गोष्टीसाठी दिवस बुडवणारा माणूस मी शहरातही पाहिलेला नाही, माझा मित्र धरून.

मित्राचा आधार विचारवंत इव्हान इलिच. वैद्यकव्यवस्था माणसाचं स्वतःला सांभाळण्याचं बळ हिरावून घेते, हे इलिचने १९७५ साली ‘मेडिकल नेमेसिस’मध्ये मांडलं. इलिच मलाही प्रिय आहे, म्हणूनच तो सरकारी फ्लिपचार्टला जुंपलेला बघवत नाही. हातात वही देऊन रोज आकडे लिहायला लावायचे आणि बिघडलं की ‘तुम्हीच लक्ष दिलं नाही’ म्हणायचं, ही तीच ताबेदारी. फरक इतकाच, की आता पेशंटच बिनपगारी कंपाउंडर.

पण इलिचचंही सगळं पटत नाही. स्वतःच्या चेहऱ्यावरच्या गाठीवर त्याने रूढ उपचार नाकारले आणि २००२ मध्ये गेला तो आपल्या अटींवर. गाठ दिसत होती, म्हणून नकार देता आला. बीपी तोंड वाकडं होईपर्यंत दिसत नाही. आशाताई दंडाला पट्टा बांधते तेव्हा कुठे त्या म्हाताऱ्याला हो किंवा नाही म्हणायची सोय होते. यंत्र इथे स्वातंत्र्य देतं. इलिचला हे रुचलं नसतं.

पुरावा काय म्हणतो? पक्षाघातातून वाचलेल्यांना एसएमएस, व्हिडिओ आणि पुस्तिका देणारी ‘स्प्रिंट इंडिया’ चाचणी ३१ केंद्रांत झाली; नवे झटके काही कमी झाले नाहीत. मी टाळी वाजवणार, तोच बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेतल्या खेड्यांतली ‘कोब्रा’ चाचणी आडवी येते. तिथे घरोघरी जाणाऱ्या आरोग्यसेविका समुपदेशनच करत होत्या, आणि दोन वर्षांत वरचं बीपी तुलनेच्या गटापेक्षा सुमारे पाच अंकांनी जास्त उतरलं. म्हणजे शिकवणं अगदीच वाया जात नाही. मात्र त्या पुन्हापुन्हा बीपी मोजायला येत, डॉक्टरांनाही प्रशिक्षण दिलं होतं आणि बीपी फार वाढलेल्यांना पुढे पाठवायची सोय होती. मित्राच्या चार वर्गांत यातलं काय आहे?

उत्तर चीनमध्ये तर ६०० पैकी निम्म्या गावांत नेहमीच्या मिठाऐवजी थोडं पोटॅशियम असलेलं मीठ फुकट वाटलं, आणि सुमारे पाच वर्षांत तिथे पक्षाघात उरलेल्या गावांपेक्षा १४ टक्क्यांनी कमी झाले. गंज तोच, चवीत फारसा फरक नाही, नवऱ्याचं ताटही जागेवर. हे मीठ रेशनच्या दुकानात मिळावं असं माझं मत आहे. मूत्रपिंड बिघडलेल्यांना मात्र तेच पोटॅशियम घातक ठरू शकतं, आणि मूत्रपिंडाची तपासणी आमच्या किती उपकेंद्रांत होते? मित्राला पुढचा लेख लिहायचाच असेल तर त्याने यावर लिहावा. तिथे माझ्याकडे तयार उत्तर नाही.